खडकीला मेंबर हवा

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पिंपरीकडून निघालं की दापोडी संपते, हॅरिस पुलाखाली मुळा लागते, पलीकडे बोपोडी आणि तिला खेटूनच खडकी. एवढ्याशा टप्प्यात तीन कारभार मागे पडतात. दापोडी पिंपरी-चिंचवड महापालिकेत, बोपोडी पुणे महापालिकेत आणि खडकी बाजार कॅन्टोन्मेंट बोर्डात. रोजच्या जाण्यायेण्यात ही हद्द कुणाच्या लक्षातही येत नाही. गल्लीतला दिवा बंद पडला, ड्रेनेज तुंबलं, जन्मदाखल्यात आईचं नाव चुकलं किंवा वडिलांच्या पश्चात घर आपल्या नावावर करायची वेळ आली, की ती कळते. तेव्हा प्रश्न पडतो: आपलं गाऱ्हाणं कुणाच्या कानावर घालायचं?

महापालिकेच्या हद्दीत याचं उत्तर घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. नगरसेवकाचं संपर्क कार्यालय चौकात असतं, त्याचा नंबर आईच्या फोनमध्ये असतो, आणि दिवाळीत त्याच्या नावाचं कॅलेंडर दारात येऊन पडतं. मुदत संपत आली की गुळगुळीत कागदावर छापलेला कार्यअहवाल येतो: अमुक गल्लीत सिमेंटचा रस्ता, तमुक सोसायटीजवळ बाकडी, उद्यानात व्यायामाची साधनं, दवाखान्याचं नूतनीकरण, सोबत आधीचे आणि नंतरचे फोटो. या अहवालांना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र ते जपून ठेवावेसे वाटतात. आपल्या पैशाचं काय झालं, हे आपल्या गल्लीच्या नावानिशी सांगणारा दुसरा कागद सामान्य माणसाच्या हाती क्वचितच पडतो. वर्तमानपत्रात शहराचं हजारो कोटींचं अंदाजपत्रक येतं; आपल्या कोपऱ्यावरच्या गटाराचं झाकण त्यात कुठे असणार? ते झाकण सभागृहापर्यंत नेणारा आणि सभागृहात काय ठरलं ते कोपऱ्यापर्यंत परत आणणारा माणूस म्हणजे लोकप्रतिनिधी.

खडकी कॅन्टोन्मेंटमध्ये फेब्रुवारी 2021 पासून असा निवडून आलेला माणूसच नाही.

बोर्डाची शेवटची निवडणूक झाली 11 जानेवारी 2015 रोजी. खडकीत आठ वॉर्ड, म्हणून आठ मेंबर. मुदत पाच वर्षांची. ती फेब्रुवारी 2020 मध्ये संपली, तेव्हा सहा महिन्यांची वाढ मिळाली. मग करोना आला, पुन्हा सहा महिने वाढले. फेब्रुवारी 2021 मध्ये मेंबर पायउतार झाले आणि देशभरातल्या इतर छावण्यांप्रमाणे खडकीतही कायद्यातल्या ‘बदललेल्या रचनेचं’ बोर्ड आलं. या रचनेत तीनच जण असतात. छावणीचे लष्करी प्रमुख अध्यक्ष म्हणून, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि केंद्र सरकारने नेमलेला एक नागरिक. हिशोब सरळ आहे: 1997 नंतर जन्मलेल्या एकाही खडकीकराने बोर्डासाठी कधी मत दिलेलं नाही. त्याने खासदार निवडला आहे, शिवाजीनगर मतदारसंघाचा आमदार निवडला आहे. स्वतःच्या गल्लीचा माणूस मात्र निवडलेला नाही.

कायद्याचं म्हणणं नीट पाहू. छावण्यांचा कारभार 2006 च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने चालतो. त्याआधी 1924 चा कायदा होता. 50 हजारांहून अधिक लोकसंख्येची छावणी पहिल्या वर्गात येते आणि खडकी या वर्गात आहे. पहिल्या वर्गाच्या बोर्डात आठ निवडून आलेले आणि आठ पदसिद्ध किंवा नेमलेले, अशी निम्मी-निम्मी वाटणी असते. लष्करी ठाण्याचे प्रमुख अध्यक्ष, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, मुख्य कार्यकारी अधिकारी, आरोग्य अधिकारी, कार्यकारी अभियंता आणि तीन लष्करी अधिकारी हे एका बाजूला. आठ मेंबर दुसऱ्या बाजूला. उपाध्यक्ष मेंबरांमधूनच निवडला जातो. म्हणजे पूर्ण बोर्डातही लोकांचं पारडं जड नव्हतंच. लष्कराच्या आरोग्याला, हिताला किंवा शिस्तीला बाधक वाटलेला ठराव अध्यक्ष थांबवू शकतात आणि तो वर लष्करी कमांडकडे जातो. एवढं असूनही त्या टेबलाभोवती आठ माणसं अशी बसत, ज्यांना सकाळी बाजारातून घरी जाताना लोक अडवून विचारू शकत होते. त्यांच्याकडे आणखी एक महत्त्वाची गोष्ट होती, ती म्हणजे नागरी क्षेत्र समिती. बाजार आणि वस्त्यांचा रोजचा कारभार पाहणाऱ्या या समितीत निवडून आलेले मेंबर आणि तिच्या प्रमुखपदी उपाध्यक्ष, अशी कायद्याची योजना आहे. मेंबरच नसले तर समिती कुठून येणार?

तीन जणांचं बोर्ड हा कायद्यातला अपवाद आहे. लष्करी मोहिमेसारखी वेळ आली किंवा छावणीच्या प्रशासनासाठी खरोखर गरज पडली, तर केंद्र सरकार रचना बदलू शकतं. त्याची मुदत साधारणपणे एक वर्षाहून अधिक नसावी, अशी कायद्याचीच भाषा आहे. पण पुढे वर्ष-वर्ष मुदत वाढवण्याची सोयही त्याच कलमात आहे. ती सोय दर वर्षी वापरत गेलं की अपवादाची रीत होते. खडकीत तेच झालं.

*

मेंबर काय करायचा, हे बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. त्यासाठी छावणीतली जमीन समजून घ्यावी लागते. 1937 च्या नियमांनी छावणीच्या जमिनीचे वर्ग पाडले: ए-1, ए-2, बी-1 पासून बी-4 पर्यंत आणि सी. ए-1 म्हणजे लष्कराच्या प्रत्यक्ष वापरातली. बी-3 म्हणजे जुन्या अनुदानाच्या अटींवर दिलेली, जिच्यावर बंगले उभे आहेत. बंगला मालकाचा, जमीन सरकारची. सी म्हणजे बोर्डाच्या ताब्यातली, रस्ते, बाजार, शाळा यांसाठीची. घराच्या दुरुस्तीला परवानगी हवी, वारसाचं नाव लावायचं, वरचा मजला बांधायचा, तर आधी आपली जमीन कोणत्या वर्गात आहे, कागद कुठल्या रजिस्टरात आहे, फाइल बोर्डाच्या कार्यालयात हलेल की संरक्षण संपदा विभागाकडे जाईल, हे कळायला हवं. कारखान्यात पाळी करून आलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायचं? मेंबर सांगायचा. तो वकील नव्हता, अधिकारीही नव्हता. पण कुठली फाइल कुठल्या टेबलावर अडते, हे त्याला पाठ असायचं. आणि अडलेली फाइल घेऊन तो बोर्डाच्या सभेत उभा राहू शकत होता. अर्जदाराला तो हक्क नाही.

छावणीचा कारभार लष्करी शिस्तीच्या लोकांच्या हाती असतो. अध्यक्ष म्हणून येणारे ब्रिगेडियर, मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून येणारे संरक्षण संपदा सेवेतले अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातात. त्यातल्या अनेकांनी छावण्यांसाठी चांगलं काम केलं आहे, हे मान्य करायला हवं. पण ज्याची बदली ठरलेली असते, त्याला पुढच्या पावसाळ्याचं उत्तर द्यावं लागत नाही. मेंबर इथेच जन्मलेला, इथल्याच शाळेत शिकलेला, इथेच मरणार असतो. दर पावसाळ्यात कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, हे त्याला नकाशा न पाहता माहीत असतं.

मेंबरांविरुद्धची तक्रारही मी झाकणार नाही. अनधिकृत बांधकामांकडे काणाडोळा केला, टेंडरमध्ये हात घातले, नातेवाइकांना कामाला लावलं, असे आरोप देशातल्या सगळ्याच स्थानिक संस्थांतल्या प्रतिनिधींवर होत आले आहेत आणि छावण्या त्याला अपवाद नाहीत. मतदार यादीचा वादही जुना आहे. मध्य प्रदेशातल्या पचमढी छावणीच्या प्रकरणात अतिक्रमणात राहणाऱ्यांच्या मताधिकाराचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यानंतर घरक्रमांक नसलेल्या घरांतली नावं छावण्यांच्या याद्यांतून गळू लागली. हे सगळं खरं आहे. पण वाईट मेंबराला घरी बसवण्याचा एकमेव उपाय निवडणूक हाच आहे. ती थांबवून वाईट मेंबर जातो, त्याच्यासोबत चांगलाही जातो, आणि पुन्हा कुणाला आणायचं की नाही, हे ठरवण्याचा लोकांचा हक्कही जातो.

*

खडकीचा आणि लष्कराचा संबंध दोनशे वर्षांहून जुना आहे. 5 नोव्हेंबर 1817 रोजी इथेच पेशव्यांचं सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली. बापू गोखले मैदानात होते, बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. लढाईनंतर इंग्रजांची छावणी इथे कायमची बसली. 1841 मध्ये ऑल सेंट्स चर्च झालं, 1858 मध्ये पुण्याला रेल्वे आली, 1869 मध्ये दारूगोळा कारखाना उभा राहिला, पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना हाताला काम शिकवायला 1917 मध्ये मुंबईत निघालेली क्वीन मेरी संस्था पुढे इथे आली, दुसऱ्या महायुद्धात 1940 मध्ये स्फोटकांचा कारखाना आला. बॉम्बे सॅपर्सचं घर इथेच. युद्धात कमरेखाली अधू झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्रही इथेच.

या प्रत्येकाच्या मागे एक नागरी वस्ती आहे. छावणीला धोबी लागले, सुतार लागले, भिस्ती लागले, किराणा-धान्याचे व्यापारी लागले, कारखान्यांना हजारो कामगार लागले. खडकी बाजार त्यातून वाढला. मराठी, तेलुगू, तमिळ, हिंदी, उर्दू बोलणारी घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात. टिकाराम जगन्नाथ महाविद्यालय आणि आलेगावकर शाळा यांनी या कामगारांची मुलं शिकवून मोठी केली. म्हणून खडकीची नागरी वस्ती लष्कराच्या दारात उपरी आहे, हा सूर मला अजिबात पटत नाही. लष्कराच्या गरजेसाठीच ती वसली आणि तिच्या कष्टांवर छावणी चालली. 1924 च्या कायद्याने ब्रिटिशांनासुद्धा या लोकांना मेंबर निवडू देणं भाग पडलं होतं.

राज्यघटनेतही याचा उल्लेख आहे आणि तो पुरेसा वाचला जात नाही. सातव्या परिशिष्टातल्या केंद्रसूचीची तिसरी नोंद छावण्यांची आहे. त्यात छावणीच्या हद्दी आखण्याचा विषय आहे आणि सोबतच ‘अशा क्षेत्रांतील स्थानिक स्वराज्य’ हाही विषय आहे. म्हणजे घटनाकारांनी छावणीत स्थानिक स्वराज्य असणार, हे धरूनच चाललं होतं. पण विषय केंद्राकडे गेल्यामुळे खडकीची एक वेगळीच अडचण झाली आहे. पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, तिथेही प्रशासक आला, लोक तिथेही वर्षानुवर्षं बिनप्रतिनिधीचे राहिले. पण महापालिकेसाठी 74 व्या घटनादुरुस्तीचा आधार होता. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, हे घटनेतच लिहिलं आहे. त्याच बळावर भांडत भांडत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पुढे सरकलं आणि 6 मे 2025 रोजी न्यायालयाने राज्यातल्या रखडलेल्या स्थानिक निवडणुका घ्यायला सांगितलं. बोपोडीकराला त्या आदेशाने दिलासा मिळाला. रस्ता ओलांडून आलेल्या खडकीकराला तो लागू नाही. त्याची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेत नाही. संरक्षण मंत्रालय अधिसूचना काढेल, तेव्हा ती होणार. कॅन्टोन्मेंट बोर्डाला 2006 च्या कायद्याने ‘नगरपालिका’ मानलं आहे खरं, पण ते केंद्राचं अनुदान मिळावं आणि केंद्राच्या योजना राबवाव्यात एवढ्यापुरतं. पैशासाठी नगरपालिका, मतदानासाठी मात्र नाही.

अधिसूचना एकदा निघाली होती. 17 फेब्रुवारी 2023 रोजी संरक्षण मंत्रालयाने देशातल्या 57 छावण्यांच्या निवडणुका 30 एप्रिलला घ्यायचं जाहीर केलं. खडकीत हालचाल सुरू झाली. इच्छुक माणसं पुन्हा लोकांच्या दारी जाऊ लागली, याद्या तपासल्या जाऊ लागल्या. बरोबर एका महिन्याने, 17 मार्चला, ती अधिसूचना मागे घेतली गेली. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस हिमाचलमधल्या कांगडा जिल्ह्यातल्या योल छावणीचा नागरी भाग छावणीतून वगळण्यात आला, आणि सगळ्याच छावण्यांच्या नागरी वस्त्या शेजारच्या पालिकांना जोडायच्या, लष्करी भागाचं स्वतंत्र लष्करी स्थानक करायचं, हे धोरण पुढे आलं. तेव्हा देशात 62 छावण्या होत्या, त्यातल्या सात महाराष्ट्रात: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी. 2024 च्या जुलैमध्ये मंत्रालयाने जोडणीच्या अटी सांगितल्या. रस्ते, दवाखाने, शाळा अशा नागरी सोयींच्या मालमत्ता पालिकेला विनामूल्य मिळतील, बोर्डाची देणीही सोबत जातील, पालिका कर लावू शकेल, पण संरक्षण खात्याच्या जमिनीची मालकी केंद्राकडेच राहील.

जोडणी चांगली की वाईट, यावर खडकीत दोन्ही बाजूंची माणसं भेटतात आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. एकाला वाटतं, महापालिकेत गेलं की चटईक्षेत्र वाढेल, जुनी घरं पुन्हा बांधता येतील, राज्याच्या योजना मिळतील. दुसऱ्याला वाटतं, पट्टी वाढेल, मोकळी हिरवी खडकी बिल्डरांच्या हाती जाईल आणि बोर्डाचा हाकेच्या अंतरावरचा दवाखाना एका मोठ्या यंत्रणेत हरवेल. जमिनीची मालकी केंद्राकडेच राहणार असेल, तर घराच्या पुनर्विकासाचं नेमकं काय होणार, याचं उत्तर दोघांनाही हवं आहे. राज्य, केंद्र आणि महापालिका यांच्यात पत्रं गेली, बैठका झाल्या. या बैठकांत खडकीच्या लोकांनी बोर्डावर निवडून दिलेलं कुणीच नव्हतं. ज्या निर्णयाने खडकीचा पत्ता, पट्टी, दवाखाना आणि घराचा कागद बदलणार, तो निर्णय खडकीच्या माणसाला बातमीतून कळतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे.

*

जोडणीनंतर काय होऊ शकतं, हे पाहायला लांब जायला नको. पुणे महापालिकेत ऑक्टोबर 2017 मध्ये 11 गावं आली, 30 जून 2021 रोजी आणखी 23 गावं आली. क्षेत्रफळाने पुणे राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. त्या 23 गावांच्या ग्रामपंचायती बरखास्त झाल्या, सरपंच गेले, आणि नऊ महिन्यांच्या आत महापालिकेचीच मुदत संपली. पंचायत गेली आणि नगरसेवक आलाच नाही. पट्टीची बिलं मात्र महापालिकेची येऊ लागली. त्यावर असंतोष इतका वाढला, की 2017 मध्ये आलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला.

जानेवारी 2025 मध्ये याहून भयंकर गोष्ट घडली. सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडू लागले. हातापायातली ताकद जाणारी माणसं, अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर. संशय पाण्यावर गेला. समाविष्ट गावांतल्या अनेक घरांना शुद्धीकरण केंद्रातून न गेलेलं विहिरीचं पाणी मिळत होतं, हे त्यानंतर साऱ्या राज्याला कळलं. तिथल्या लोकांना ते आधीच माहीत होतं आणि त्यांनी अर्जही केले होते. नगरसेवक असता तर आजार आलाच नसता, असं मी म्हणणार नाही. पण आपल्या गावाला न शुद्ध केलेलं पाणी मिळतं, हे दर महिन्याला सर्वसाधारण सभेत उभं राहून ओरडून सांगणारा कुणीतरी असता, आणि ते ओरडणं दुसऱ्या दिवशी छापून आलं असतं. प्रशासकाच्या कारभारात सर्वसाधारण सभेत ठराव मांडणाराही प्रशासक आणि मंजूर करणाराही तोच. ओरडायला तिथे कुणी उरत नाही.

खडकीचं तसं होऊ नये. बोर्ड गेलं आणि महापालिकेत तिचा प्रभाग पुढच्या निवडणुकीपर्यंत लटकत राहिला, तर खडकी दोन्हीकडून जाईल.

पैशाचीही गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण लोकांना बोर्डाच्या कामात ढिलाई दिसते आणि त्यामागची तिजोरी दिसत नाही. छावणीतली बहुतेक जमीन संरक्षण खात्याची. घटनेच्या 285 व्या कलमाने केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक संस्थेला कर लावता येत नाही. त्याऐवजी केंद्राने सेवाशुल्क द्यायचं असतं, आणि त्याची थकबाकी हा छावण्यांचा कायमचा घोर आहे. उरतो तो बाजार आणि बंगल्यांचा घरपट्टीचा तुकडा. जुलै 2017 मध्ये वस्तू आणि सेवा कर आला, तेव्हा जकातीच्या जागी आलेलं उत्पन्न आणि पुण्यातल्या छावण्यांना मिळणारा वाहन प्रवेश कर, दोन्ही बंद झाले. महापालिकांना राज्याकडून भरपाई सुरू झाली. छावण्या केंद्राच्या, म्हणून राज्याच्या भरपाईत त्यांची जागा धूसर राहिली. मग पगार, निवृत्तिवेतन, दवाखान्याचा खर्च यातच पैसा संपतो आणि नवं काम उद्यावर जातं. पैशाची ही ओढाताण राज्य आणि केंद्र यांच्यासमोर मांडून भांडणं हेही मेंबराचंच काम. अधिकारी आपल्याच वरिष्ठ खात्याकडे थकबाकी मागताना किती आवाज चढवू शकेल?

या सगळ्यात बोर्डाचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय आणि प्राथमिक शाळा चालतात, हे विसरता कामा नये. करोनाकाळात खडकीने त्या रुग्णालयाचा आधार अनुभवला. त्याच्या पहिल्या वर्षी मेंबरही वाढीव मुदतीत पदावर होते. कुठे खाट आहे, कुणाच्या घरी शिधा संपला, कोणत्या चाळीत माणूस एकटा आहे, हे सांगणारी आठ माणसं त्या काळात मोलाची ठरली असणार, यात मला शंका नाही.

फेब्रुवारी 2021 मध्ये, मेंबर जात होते त्याच महिन्यात, ई-छावणी नावाचं संकेतस्थळ देशभर सुरू झालं. परवाने, दाखले, पट्टी, पाणीजोडणी, तक्रार, सगळं घरबसल्या. ही सोय चांगलीच आहे आणि तिने अनेकांचे हेलपाटे वाचवले. पण संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, प्राधान्य ठरवता येत नाही. दवाखान्यात आणखी डॉक्टर आधी की चौकातलं सुशोभीकरण आधी? शाळेचं छत की रस्त्याचा डांबरी थर? हा निर्णय माणसांनी, एकमेकांसमोर बसून, वाद घालून घ्यायचा असतो. 21 जून 2025 रोजी खडकीचं मेट्रो स्थानक सुरू झालं. स्थानकाबाहेर रिक्षा कुठे थांबणार, बाजारातून चालत येणाऱ्या बाईला रस्ता कुठून ओलांडायचा, दुचाक्या कुठे लावायच्या, हे प्रश्न मेट्रोचे, वाहतूक पोलिसांचे, महापालिकेचे आणि बोर्डाचे मिळून आहेत. चार कार्यालयांना एका जागी बसवायला एक हट्टी माणूस लागतो.

*

मग आता काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे. जोडणी पाच-सहा महिन्यांत होणार असेल, तर तिची तारीख जाहीर करा आणि खडकीचा प्रभाग महापालिकेच्या निवडणुकीत बसवा. ती एवढ्यात होणार नसेल, तर बोर्डाची निवडणूक घ्या. जोडणीचं कारण दाखवून निवडणूक टाळायची आणि निवडून आलेलं कुणी नाही म्हणून जोडणीची चर्चा बंद दाराआड करायची, हा खेळ थांबला पाहिजे.

तोवर काही गोष्टी आजही करता येतात आणि त्यासाठी दिल्लीच्या अधिसूचनेची गरज नाही. कॅन्टोन्मेंट कायद्यानुसार बोर्डाची सभा जनतेसाठी खुली असते. अध्यक्षांनी कारण नोंदवून तसं नाकारलं, तरच बंद. सभेची इतिवृत्तं रहिवाशांना पाहता येतात. ती वाचायला कार्यालयात जाणारी माणसं हवीत. दर सभेचा मराठीतला सार बाजारात, शाळेच्या आणि दवाखान्याच्या फलकावर लावायला बोर्डाने सुरुवात करावी. विषय काय होता, किती खर्च, कुणाला काम, कधी पूर्ण होणार, एवढं चार ओळीत. पुणे महापालिकेने 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवायला सुरुवात केली. खडकीच्या बोर्डाने तसं करायला कोणतीच आडकाठी नाही. आणि शिवाजीनगरचे आमदार व पुण्याचे खासदार यांना कायद्याने बोर्डाच्या सभांचं विशेष निमंत्रण असतं, मताचा अधिकार नसला तरी. खडकीत निवडून आलेले लोकप्रतिनिधी आज तेवढेच आहेत. त्यांनी दर तीन महिन्यांनी बाजारात एक खुली सभा घ्यावी, बोर्डात काय चाललं आहे आणि जोडणीचं कुठवर आलं, हे तोंडाने सांगावं आणि लोकांच्या प्रश्नांना उभ्या उभ्या उत्तरं द्यावीत.

खडकीकरांनाही मला एक सांगायचं आहे. मेंबर नाही, म्हणून गप्प बसण्याची सवय लागू देऊ नका. वॉर्डात दहा-बारा जणांनी मिळून महिन्यातून एकदा बसा, तक्रारींची वही ठेवा, अर्जाची पोच घ्या, माहितीच्या अधिकारात ठराव मागवा, आणि मतदार यादीत आपलं व शेजाऱ्याचं नाव आहे का, ते आत्ताच तपासा. निवडणूक जाहीर होईल तेव्हा वेळ थोडा असेल. नाव गळलेलं असेल, तर 2015 नंतर आलेली ती पहिली संधीही हातची जाईल.